भोपळ्यांच्या शेतात आजी-आजोबा
विलायतेतील शरद ऋतूची सुट्टी, हॅलोविनची सहल आणि ज्येष्ठांचे आरोग्य

ऑगस्ट संपत आला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारच्या भेटी सुरू होतात. साठी-सत्तरीतील दांपत्य, हातात जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी आणि एकच मागणी : "डॉक्टर, मुलाकडे इंग्लंडला चाललो आहोत. यंदाची दिवाळी तिकडेच. सहा महिन्यांची औषधे लिहून द्या."

काही वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त शिक्षक आले होते. वय बहात्तर, मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब आटोक्यात, दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा मँचेस्टरला. मी औषधे लिहिली आणि निरोप देताना म्हणाले, "सर, थंडीचे दिवस आहेत, शक्यतो बाहेर पडू नका. जपून राहा." सर आयुष्यभर शिस्तीने वागलेले. त्यांनी माझा सल्ला अक्षरशः पाळला. मार्चमध्ये परतले तेव्हा त्यांचे वजन साडेचार किलोंनी वाढले होते, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ वरून ८.४ वर गेली होती आणि खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. मी कारण विचारले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलेत तसा घरातच राहिलो. ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळे भोपळ्याच्या शेतावर गेले, दिव्यांची रोषणाई पाहायला गेले. मी खिडकीशी बसून होतो. नातवाने फोटोंची वही केली आहे. त्यात मी कुठेच नाही."

साखर औषधांनी खाली आली. पण तो सल्ला माझा होता, आणि तो चुकीचा होता. घाईच्या वेळी 'जपा' एवढे सांगून मोकळे होणे डॉक्टरला सोपे जाते. कसे जपायचे, हे सांगायला वेळ लागतो. तो वेळ आज या लेखात देत आहे. परदेशी निघालेल्या आजी-आजोबांसाठी हा लेख आहेच, पण त्यांना तेथे सांभाळणाऱ्या मुलगा-सून, लेक-जावई यांच्यासाठीही तो तेवढाच आहे.

ही सुट्टी आणि हा सण

ब्रिटनमधील शाळांना प्रत्येक सत्राच्या मध्यावर साधारण आठवडाभराची सुट्टी असते. तिला तेथे 'हाफ टर्म' म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये शरद ऋतूतील ही सुट्टी बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. स्कॉटलंडमध्ये ती थोडी आधी असते. तारखा स्थानिक परिषदा ठरवतात, म्हणून एकाच शहरात राहणाऱ्या दोन चुलत भावंडांच्या सुट्ट्याही कधी वेगळ्या पडतात. याच सुमारास ३१ ऑक्टोबरला हॅलोविन येतो आणि पाठोपाठ ५ नोव्हेंबरला शेकोट्या व आतषबाजीची 'बॉनफायर नाइट'. आपली दिवाळीही अनेकदा याच दिवसांत असते. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुताचा पोशाख, असा दुहेरी सण अनेक मराठी घरांनी त्या वर्षी केला असेल.

हॅलोविन म्हणजे केवळ भुताखेतांचा बाजार, अशी आपल्यातील अनेक ज्येष्ठांची समजूत असते. त्याचे मूळ मात्र आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्टिक लोकांच्या 'सावन' या सणात मानले जाते. सुगी संपून हिवाळा लागतो त्या संधिकाळी मृतांचे जग जवळ येते, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस झाला. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. पितृपक्ष पाळणाऱ्या समाजाला यात परके वाटावे असे फारसे काही नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत गेलेल्यांना तेथे मोठा आणि कोरायला मऊ असा भोपळा मिळाला आणि तोच पुढे या सणाची खूण झाला. स्कॉटलंडमध्ये सोंग घेऊन दारोदार जाणाऱ्या मुलांनी गाणे म्हणून किंवा विनोद सांगूनच खाऊ मिळवायचा, अशी रीत होती. आपल्या विदर्भ-खानदेशातील मुली भुलाबाईची गाणी म्हणून घरोघरी खाऊ मिळवतात, त्याची ही आठवण करून देणारी पद्धत आहे. आजी-आजोबांनी नातवंडांना हे सांगावे. सण परका राहत नाही आणि बोलायला विषय मिळतो.

बाहेर पडणे हेही औषधच

परक्या देशात ज्येष्ठांची दिनचर्या एकदम आखडते. भाजी आणणे, देवळात जाणे, कट्ट्यावर बसणे हे सारे थांबते. दिवसा घर रिकामे असते. उतारवयात स्नायूंची ताकद न वापरल्यास फार लवकर जाते आणि भरून यायला फार वेळ लागतो. ताकद गेली की तोल जातो, तोल गेला की पडण्याची भीती बसते आणि भीतीमुळे माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र मी माझ्या रुग्णांत वारंवार पाहिले आहे. त्यात एकटेपणाची भर पडली की झोप आणि भूक दोन्ही बिघडतात. म्हणून शाळेच्या सुट्टीतील दोन-तीन सहली हे केवळ मनोरंजन समजू नये.

त्याची तयारी निघण्याआधी तीन-चार आठवडे सुरू करावी. हात न टेकता खुर्चीतून उठणे व बसणे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून टाचा वर उचलणे दहा वेळा. रोज वीस मिनिटे चालणे, आणि ज्या बुटांनी तिकडे चालायचे आहे तेच बूट घालून चालणे. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालणारा मधुमेही पायाला जखम घेऊनच परततो.

फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी. न्यूमोनियाच्या लसीविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारावे. शाळकरी मुले असलेल्या घरात शरद ऋतूपासून सर्दी-खोकला पाहुण्यासारखा येत-जात असतो.

ठिकाण निवडताना

या सुट्टीत कुटुंबे जातात ती ठिकाणे साधारण चार प्रकारची असतात. प्रत्येकाचा विचार ज्येष्ठांच्या दृष्टीने वेगळा करावा लागतो.

पहिले म्हणजे भोपळ्याचे शेत. शेतकरी शेत खुले ठेवतात. मुले ओळींमधून फिरून आपल्या पसंतीचा भोपळा तोडतात आणि ढकलगाडीत घालून आणतात. दृश्य अतिशय प्रसन्न असते. अडचण चिखलाची. ऑक्टोबरच्या पावसाने शेत निसरडे होते, वेलींत पाय अडकतो आणि चाकाची खुर्ची रुतते. येथे ज्येष्ठांनी गमबूट घालावेत, काठी घ्यावी आणि बांधाच्या कडेने, कोणाचा तरी हात धरून थोडेच चालावे. भोपळा वाकून उचलू नये. तो मान नातवंडांना द्यावा. बहुतेक शेतांवर एखादी शेड आणि चहाची सोय असते. ती आधी पाहून ठेवावी.

दुसरे म्हणजे जुने वाडे आणि बागा. १८९५ मध्ये स्थापन झालेली 'नॅशनल ट्रस्ट' आणि 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थांच्या अनेक वास्तूंत या आठवड्यात मुलांसाठी शोधखेळ असतात. ज्येष्ठांसाठी ही सर्वांत सोयीची जागा. सपाट वाटा, बाके, स्वच्छतागृहे आणि गरम सूप देणारे उपाहारगृह असा सारा थाट असतो. अपंगत्व असलेल्या पाहुण्याबरोबर आलेल्या काळजीवाहकाला तेथे प्रवेशशुल्क पडत नाही. अनेक ठिकाणी चाकाची खुर्ची मिळते, मात्र आधी फोन करून ठेवावा. पानगळीची ओली पाने मात्र शेवाळाइतकी घसरतात. सोनेरी पानांच्या गालिच्यावरून नव्हे, त्याच्या कडेने चालावे.

तिसरे म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या जुन्या आगगाड्या. नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे, सेव्हर्न व्हॅली रेल्वे यांसारख्या वारसा-रेल्वे या सुट्टीत खास फेऱ्या काढतात. बसल्या जागी डोंगर, ओढे, तांबूस झालेली राने दिसतात. वाफेच्या इंजिनाचा आवाज आणि कोळशाचा वास आपल्या पिढीला थेट बालपणात नेतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय आहे. डब्याची पायरी उंच असते, म्हणून आधी कळवून मदत घ्यावी. दमेकऱ्यांनी इंजिनालगतचा डबा टाळावा.

चौथे म्हणजे संध्याकाळची रोषणाई. ब्लॅकपूल येथील समुद्रकाठची दिव्यांची रोषणाई १८७९ पासूनची परंपरा सांगते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा हा देखावा मोटारीत बसून पाहता येतो. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी ही सहल अवश्य करावी. काच बंद, हीटर चालू आणि गुडघ्यांवर शाल.

काही ठिकाणे मात्र नीट चौकशी करूनच ठरवावीत. माझी बहीण लीड्सजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आईला घेऊन मी तिच्याकडे गेले होते. तिच्या मुलांनी व्हिटबी ठरवले. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीचा काही भाग या बंदरात घडतो, त्यामुळे हॅलोविनला तेथे हौशी लोकांची झुंबड असते. गावातून टेकडीवरील मठाच्या भग्न वास्तूकडे १९९ दगडी पायऱ्या जातात. मुले उत्साहाने म्हणाली, "आजी, हळूहळू चढू." आई ऐंशी वर्षांची. तिने पायऱ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. टेकडीच्या दुसऱ्या बाजूने रस्ता आहे आणि वर वाहनतळ आहे, हे मी आदल्या रात्री शोधून ठेवले होते. मुले पायऱ्यांनी गेली, आम्ही मोटारीने, आणि वर सगळ्यांची भेट झाली. त्या आदल्या रात्रीच्या दहा मिनिटांनी आईची सहल वाचली. वर समुद्राचा वारा मात्र असा होता की पंधरा मिनिटांत आम्हाला गाडीत परतावे लागले. पंधरा मिनिटे पुरेशी होती. आई आजही त्या मठाच्या कमानींविषयी बोलते.

घड्याळ, काळोख आणि थंडी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे घेतात. भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर त्या दिवसापासून साडेपाच तासांचे होते. लंडनमध्ये ३१ ऑक्टोबरला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. आदल्या आठवड्यात चहा होऊनही उजेड असे, आता चहाच्या वेळीच अंधार. ज्येष्ठांना हा बदल अनपेक्षित ठरतो. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्यांना उजेडातून अंधारात गेल्यावर नजर स्थिरावायला वेळ लागतो आणि पडण्याचे प्रसंग नेमके तेव्हा घडतात. म्हणून सहल सकाळी दहाला सुरू करून तीन-साडेतीनपर्यंत आटोपावी. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये, आणि खिशात छोटी विजेरी असावी.

औषधांचे काय? एका तासाच्या फरकाने रक्तदाबाच्या वा थायरॉइडच्या गोळ्यांना काही बाधा येत नाही. तेथील घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. पार्किन्सनची औषधे ठरावीक अंतराने घ्यायची असतात, त्यांचे अंतर मात्र मोडू नये. भारतातून जाताना इन्सुलिनची पहिल्या दिवसाची मात्रा कशी घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

दिवसाचे तापमान या काळात बहुधा १२ ते १४ अंशांच्या आसपास असते. आकडा पुण्याच्या हिवाळी पहाटेसारखा वाटतो, पण वारा आणि दमटपणा यांमुळे थंडी हाडात शिरते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आतून अंगाला चिकटून बसणारा, मधला लोकरीचा, वरचा वारा-पाऊस अडवणारा. नऊवारी-पाचवारीच्या आत उबदार विजार आणि मोजे घालावेत. निऱ्या घोट्याच्या वर असाव्यात, कारण ओली निरी पायात येते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दमा उफाळतो. गार वाऱ्यात चालताना नाकातोंडावर मफलर घ्यावा. छातीत आवळल्यासारखे वाटले तर 'चढण होती' म्हणून दुर्लक्ष करू नये.

काळजीवाहकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला ऊब येते, बसलेल्याला नाही. तुम्ही जाकिट काढत असाल तेव्हाच खुर्चीतील आई गारठत असते. ती 'बरी आहे' म्हणेल. तिचे बोट हातात घेऊन पाहा.

पाणी न पिण्याचा धोका

सहलीला निघताना ज्येष्ठ जी चूक सर्रास करतात आणि कोणाला सांगत नाहीत, ती म्हणजे पाणी टाळणे. परक्या ठिकाणी स्वच्छतागृह कुठे असेल, मुलांना थांबावे लागेल, ही धास्ती त्यामागे असते. मग दिवसभरात दोन घोट चहा. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग आणि कधी अचानक गोंधळलेपण. थंडीत तहान लागत नाही म्हणून हे लक्षातही येत नाही.

उपाय लाजेचा नव्हे, नियोजनाचा आहे. दर दोन तासांनी 'सगळ्यांसाठी' थांबा घ्यावा. आजोबांसाठी म्हणून नव्हे. लघवी वाढवणारी सकाळची गोळी सहलीच्या दिवशी उशिरा घेता येईल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून ती बंद करू नये. शोषक पॅड वापरण्यात कमीपणा नाही. अपंगांसाठीची अनेक सार्वजनिक स्वच्छतागृहे तेथे कुलूपबंद असतात आणि देशभर चालणाऱ्या एकाच 'रडार' किल्लीने उघडतात. ती विकत मिळते.

खाऊ, भोपळा आणि साखर

हॅलोविनच्या आठवड्यात घरात चॉकलेट-गोळ्यांचा डोंगर असतो आणि दिवाळीचा फराळ वेगळा. मधुमेहींना दोन्ही खुणावतात. चोरून खाण्यापेक्षा ठरवून खावे. जेवणानंतर एखादा लहान तुकडा, आणि त्या दिवशी भात-पोळी थोडी कमी. तेथील अनेक वेष्टनांवर साखर, मीठ, स्निग्धांश यांसाठी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाच्या खुणा असतात. इंग्रजी बारीक अक्षरे वाचता आली नाहीत तरी रंग वाचता येतात.

सहलीत उलटा धोकाही असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली, चालणे जास्त झाले आणि रांगेमुळे जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही तिची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. म्हणजे नातवंडांच्या गोळ्यांपैकी चार आजोबांच्या खिशातही हव्यात, पण औषध म्हणून.

कोरलेल्या भोपळ्याचा गर फेकून देऊ नये, असे आपल्या आजींना वाटणारच. कोरायचे मोठे भोपळे पाणचट असले तरी खाण्याजोगे असतात. त्यांत बीटा-कॅरोटीन आणि पोटॅशियम असते, तंतुमयता असते. ताज्या गराचे दही घालून केलेले भरीत किंवा साधी भाजी सर्वांना चालते. घारगे करावेत, पण मधुमेहींनी एकावर थांबावे. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेल्यांनी मात्र विचारूनच खावे. दोन पथ्ये पाळावीत. रात्रभर दिवा लावून दारात ठेवलेला भोपळा खाऊ नये. शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे शिजवू नयेत, आणि कोणताही भोपळा चवीला कडू लागला तर तो घास थुंकून टाकावा. कडू दुधीचा रस पिऊन आपल्याकडे माणसे दगावली आहेत. तोच कडू विषारी घटक या कुळातील इतर फळांतही असू शकतो.

मुखवटे आणि दुर्बळ मन

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी हा सण वेगळ्या अर्थाने भीतिदायक ठरू शकतो. अंधार, धूर, लुकलुकणारे दिवे, अचानक ओरडणारे सोंग आणि ओळखीचा चेहरा मुखवट्याआड गेलेला. निरोगी मेंदू हे खोटे आहे असे क्षणात ताडतो. आजारी मेंदूला ते जमत नाही. काही आजारांत रुग्णाला आधीच नसलेली माणसे दिसत असतात. तेथे भुतांची सजावट म्हणजे आगीत तेल. अशा ज्येष्ठांना भयगृहात किंवा भुतांच्या रात्रफेरीत नेऊ नये. सकाळची बाग, आगगाडी, भोपळा कोरताना शेजारी बसून बिया वेगळ्या करणे हे त्यांच्यासाठी योग्य. नातवंडांना सांगावे की, आजीसमोर मुखवटा चढवायचा तर आधी चेहरा दाखवून, तिच्या डोळ्यांसमोर चढवा. फेफऱ्याचा आजार असलेल्यांनी लुकलुकत्या प्रकाशाची ठिकाणे टाळावीत.

३१ तारखेच्या संध्याकाळी दारावर वारंवार थापा पडतात आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत सोंगे घेतलेली मुले उभी असतात. घरची मंडळी मुलांना घेऊन बाहेर आणि गोंधळलेले आजोबा एकटे घरात, असे होऊ देऊ नये. एकाने घरी थांबावे. दारात उजळलेला भोपळा नसेल तर मुले बहुधा ते घर वगळतात. शांतता हवी असेल तर दिवा लावू नये. लावायचाच तर मेणबत्तीऐवजी बॅटरीचा लावावा. पदर, शाल आणि मुलांचे झुळझुळीत पोशाख पटकन पेट घेतात. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नये.

अडचण आलीच तर

प्रवासी विमा उतरवताना मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार यांपैकी काहीही लपवू नये. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचार सर्वांना मोफत असतात, पण रुग्णालयात दाखल होताच पाहुण्यांना शुल्क लागू होते, तेही तेथील सरकारी दराच्या दीडपट. तातडीचा पण जिवावरचा नसलेला प्रश्न असेल तर १११ आणि जिवाचा धोका असेल तर ९९९ हे क्रमांक आजी-आजोबांच्या फोनमध्ये आणि फ्रिजवरच्या कागदावर, पूर्ण पत्त्यासह लिहिलेले असावेत. साध्या तक्रारीसाठी औषध दुकानातील फार्मासिस्टचा सल्ला विनामूल्य मिळतो.

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारा माणूस पडून डोक्याला मार लागला, तर तो हसत-बोलत असला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. सहल मोडेल या संकोचाने ज्येष्ठ पडल्याचे लपवतात. त्यांना रागावू नये, म्हणजे ते सांगतील.

पिशवीत काय असावे

- दिवसभराची औषधे, आणि औषधांच्या मूळ नावांची यादी इंग्रजीत
- साखरेच्या गोळ्या, ग्लुकोमीटर (थंडीत तो चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून कोटाच्या आतल्या खिशात)
- गरम पाण्याचा थर्मास, दशमी किंवा थालीपीठ
- मोज्यांचा जादा जोड, मफलर, टोपी
- छातीत ओढायचे औषध किंवा जिभेखालची गोळी, लिहून दिली असल्यास
- काठी, विजेरी, घरचा पत्ता व मुलाचा फोन लिहिलेले कार्ड

शेवटी, मुलांसाठी

वडिलांना घरी ठेवून जाणे हे बहुधा प्रेमापोटीच होते. त्यांना त्रास नको, हाच हेतू असतो. पण निर्णय त्यांना विचारून घ्या. "बाबा, तुम्ही येणार का?" या प्रश्नाला आपली पिढी "नको, तुम्ही जाऊन या" असेच उत्तर देते. त्याऐवजी विचारा, "बाबा, शेतावर जाऊ या की आगगाडीने?" आणि ज्येष्ठांनीही आपले दुखणे आणि आपली हौस दोन्ही स्पष्ट बोलावी. एका दिवसाच्या सहलीनंतर एक दिवस विश्रांतीचा ठेवला, तर आठवड्यात दोन सहली सहज होतात.

ते सर दोन वर्षांनी पुन्हा मँचेस्टरला गेले. या वेळी मी त्यांना अर्धा तास दिला. त्यांनी महिनाभर खुर्चीतून उठण्याचा व्यायाम केला, लस घेतली, बूट मुरवून घेतले. सुट्टीत ते दोनदाच बाहेर पडले. एकदा भोपळ्याच्या शेतावर अर्धा तास, एकदा ब्लॅकपूलला मोटारीतून. परतल्यावर साखर ७.३ होती. तपासणी झाल्यावर त्यांनी खिशातून एक फोटो काढला. पायांत गमबूट, डोक्याला माकडटोपी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताशी भोपळा कवटाळून उभा असलेला नातू.

मी पाहत होते तोवर ते म्हणाले, "डॉक्टर, उचलला त्याने हं. तुम्ही सांगितले होते ना, वाकू नका म्हणून."